सहा झऱ्यांचा एकच आकडा

१

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात रुतेंग्येच्या डोंगरावर तिसरा खड्डा खणला गेला, आणि तोही आखूडच. प्रिम्रोज चार वर्षांची होती. दोन दिवस हगवण, एक दिवस ताप, आणि मग काही नाही. माती लोटून झाल्यावर माणसं आपापल्या घरी गेली नाहीत. पायऱ्या-पायऱ्यांची शेतं तुडवत ती सरळ स्कोव्हियाच्या दारात गेली.

स्कोव्हिया रुतोमा पाणी मंडळाची मोजणारी. मंडळाचे झरे सात. प्रत्येक झऱ्यापाशी जायचं, बादलीभर पाण्यात क्लोरीन घालायचं आणि ते तासातासानं किती उरलं हे पाच तास बसून मोजायचं, हे तिचं काम. ज्या पाण्यात क्लोरीन लवकर विरतं, तिथे टाकीत जास्त घालावं लागतं. नाहीतर शेवटच्या नळापर्यंत नुसतं पाणी पोचतं, आणि पाण्यातले जंतू. रुतेंग्येत हेच झालं होतं. शेवटच्या नळाला औषधाचा मागमूस नव्हता.

लोकांनी तिचे जेरीकॅन कोयत्यानं फोडले. ती घरात कडी लावून बसली होती. पोलिसांची गाडी आली आणि तिला घेऊन गेली. वाचवायला की पकडायला, हे त्यांनाही तेव्हा धड माहीत नव्हतं. दोन दिवसांनी त्यांनी ठरवलं: पकडायला.

बुधवारी सकाळी मंडळाचे म्हातारे अध्यक्ष बारियायिजा (मानानं सगळे त्यांना 'म्झे' म्हणत) डोरोथी कोबुसिंग्ये बाईंच्या ओट्यावर येऊन बसले. बाई तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी बुशेराचा, म्हणजे ज्वारीच्या आंबिलीचा, पेला पुढे केला. म्झेंनी तो संपवला, बाईंच्या गुडघ्याची चौकशी केली, बटाट्याला लागलेल्या करप्याची चौकशी केली, आणि मग खिशातून घडी घातलेला कागद काढला.

कागदावर सात झऱ्यांची नावं होती आणि प्रत्येकापुढे क्लोरीन विरण्याचा तासाचा दर. कार्यालयातल्या एव्हारिस्ट ट्वेसिग्येनं संगणकावर काढलेला. सहा झऱ्यांपुढे ०.१०१, ०.१००, ०.१०२, ०.१००, ०.१०१, ०.१०१. उरलेला एकटा वेगळा: कितोजो, ०.३८६.

"सहा डोंगरांचं पाणी एकसारखं असतं का, टीचर?" म्झे म्हणाले. "पोरगी घरी बसून आकडे लिहीत होती. कितोजो एव्हारिस्टचं गाव, तिथे खोटं चालणार नाही म्हणून तेवढं खरं मोजलं. इन्स्पेक्टरला गणितातल्या माणसाची सही हवी आहे. शुक्रवारी दुपारी तिला कबालेच्या कोर्टात उभी करायची आहे."

बाई कागदाकडे बघत राहिल्या. निसर्ग असे जुळे आकडे देत नाही; हे त्यांनीच वर्गात शिकवलं होतं, आणि तिसऱ्या बाकावर बसून ते ऐकणाऱ्या मुलींत स्कोव्हियाही होती. तीन मुलं मेली होती. बाईंचा राग असा चढला, की कानशिलं तापली. त्यांनी पेन मागितलं.

२

पेन हातात आलं, पण आधी त्या पोरीच्या तोंडावर थुंकून मग सही करावी, असं बाईंना वाटलं. निदान त्यांनी स्वतःला तसं सांगितलं. म्झेंना ओट्यावरच सोडून त्या मोटारसायकलवाल्याच्या मागे बसून चौकीत गेल्या.

स्कोव्हिया बाकावर बसली होती. रडत नव्हती. बाईंनी कागद तिच्यासमोर धरला आणि विचारलं, की हे असं करताना तुला कोणाचीच आठवण झाली नाही का.

"हे माझे आकडे नाहीत," स्कोव्हिया म्हणाली.

"वर तुझं नाव आहे."

"वर माझं नाव आहे, टीचर. आकडे माझे नाहीत. मी पाण्यात गोळी विरघळवते, पाणी किती गुलाबी झालं ते बघते आणि लिहिते. एका झऱ्याचे सहा आकडे. दर कार्यालय काढतं. तुम्ही मला कधी विचारलंत, मी काय लिहिलं होतं? कोणीच विचारलं नाही. सगळे येतात आणि एव्हारिस्टचा कागद माझ्या तोंडासमोर धरतात. तुम्हीपण."

हे 'तुम्हीपण' बाईंना लागलं. लागल्यामुळे त्या आणखी चिडल्या, पण आता राग कुठल्या बाजूला वळवावा हे कळेना. त्यांनी आवाज जरा खाली आणून विचारलं, की मोजणीची वही कुठे आहे. वही कार्यालयात जमा होती. पण स्कोव्हियानं आपली एक वेगळी, शाळेची चौकडीची वही ठेवली होती, बहिणीकडे. कारण, ती म्हणाली, बाईंनीच शिकवलं होतं की कच्चं काम फाडून टाकायचं नाही.

बाई बहिणीकडे गेल्या. बटाट्याच्या पोत्यांमागून वही निघाली. पानापानावर तारखा, तास, चिखलाचे बोटांचे ठसे, एका ठिकाणी चिरडलेली जळू. घरी बसून आकडे लिहिणारी बाई वहीत जळू कशाला ठेवेल? पण जळू म्हणजे पुरावा नव्हे. चलाख बाई तीही ठेवील.

त्यांनी रुतेंग्येचं पान उघडलं. एक. शून्य पॉइंट सहासष्ट. पंचेचाळीस. अठ्ठावीस. एकोणीस. तेरा.

बाई तिथेच पोत्यावर बसल्या. दर ०.१०१ असेल, तर पाण्यातलं क्लोरीन अर्धं व्हायला जवळजवळ सात तास लागतात. इथे ते दोन तासांच्या आतच अर्ध्यावर आलं होतं.

३

त्यांनी बहिणीकडून चौकडीचा कागद मागून घेतला आणि सातही झऱ्यांचे ठिपके मांडले. सात उतार निघाले, सात तऱ्हांचे. रुतेंग्येचा कड्यासारखा. कागोमाचा जरा सौम्य, तीन तासांत निम्मा होणारा. दोन झऱ्यांचे ठिपके इथल्या एप्रिल-मेच्या पावसाळ्यातल्या गढूळपणानं इतके हललेले, की रेषा कुठून काढावी हेच कळेना. खोटे आकडे लिहिणारा माणूस ते नीटनेटके लिहितो. हे आकडे खऱ्या पाण्यासारखे गबाळे होते.

म्हणजे झऱ्यांचे आकडे वेगवेगळे, आणि दर मात्र सारखे. मग हे दर झऱ्यांतून आलेच नव्हते.

पण बाईंना घाईघाईनं दुसऱ्या कोणावर थुंकायचं नव्हतं. एकदा ते करून झालं होतं. मधे अजून एक माणूस होता: टाकीत पावडर ओतणारा बॉस्को. गावात कुजबुज होती, की तो क्लोरीनची पावडर बाजारात विकतो. दर कसाही असो, पावडरच पडली नसेल तर सगळा प्रश्नच वेगळा.

बॉस्को टाकीशेजारच्या शेडमध्ये भेटला. बाईंनी त्याच्यासमोरच पिंपं मोजली. मार्चच्या अखेरीपासून किती आली, किती उरली. मग भिंतीवरच्या मोठ्या खिळ्याला टोचलेल्या चिठ्ठ्या काढल्या; कार्यालयातून येणारी प्रत्येक चिठ्ठी बॉस्को त्या खिळ्याला टोचून ठेवत असे. बेरीज मापट्यापर्यंत जुळली. चिठ्ठीत जितकं लिहिलं, तितकंच त्यानं ओतलं होतं.

"मार्चमध्ये रुतेंग्येला रोज चार मापटी," बाई चिठ्ठ्या चाळत म्हणाल्या. "एप्रिलपासून एक. भर पावसात. पाणी गढूळ झालं, आणि औषध चौथाईवर आलं. तुला काही वाटलं नाही?"

बॉस्कोनं टोपी काढली, डोकं खाजवलं. वाटलं होतं, तो म्हणाला. त्यानं फोन करून विचारलंही होतं. एव्हारिस्ट म्हणाला, नवीन हिशोब आहे, संगणक म्हणतो तसं करायचं.

"मी ओतणारा, न्याबो," तो अदबीनं बाईंना म्हणाला. "विचारणारा वेगळा असतो."

"आणि तो विचारणारा कोण असतो, बॉस्को?"

बाईंनी त्याला आणखी दोन शब्द ऐकवले, ते इथे लिहिण्याजोगे नाहीत. मग तोच ओशाळून, काहीतरी चांगलं बोलावं म्हणून म्हणाला, की तसा एव्हारिस्ट मनाचा वाईट नाही, एकदा तर बिचारा स्वतः धावत शेडपर्यंत आला होता. एरवी चिठ्ठ्या मोटारसायकलवाल्याबरोबर पाठवतो. पण त्या दिवशी घामाघूम होऊन आला, आधीची चिठ्ठी चुकली म्हणाला आणि दुसरी देऊन गेला.

"कुठल्या झऱ्याची?"

बॉस्कोनं खिळ्यावरच्या चिठ्ठ्या खाली-वर केल्या. सात एप्रिल. एकाच तारखेच्या दोन चिठ्ठ्या, एकीवर काट मारलेली. बाईंनी त्या पदराच्या गाठीत बांधल्या.

४

गुरुवारी त्या कार्यालयात गेल्या. एव्हारिस्टनं खुर्ची पुसून दिली. तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलायला मऊ. त्यानं न मागता सगळं दाखवलं.

प्रोग्राम कसा चालतो ते त्यानं समजावलं, आणि चांगलं समजावलं. आधी दराचा एक अंदाज धरायचा, ०.१०. त्या अंदाजाची उतरती रेषा काढायची. रेषा आणि मोजलेले ठिपके यांच्यातल्या अंतरांचे वर्ग करून बेरीज घ्यायची. ती झाली एकूण चूक. मग दर थोडा सरकवून बघायचा, चूक घटते का. घटली की आणखी एक पाऊल. अशी पावलं टाकत जायचं. एका पावलानं होणारी घट ठरलेल्या आकड्याहून कमी झाली, की समजायचं तळ आला, आणि थांबायचं; ओळीपुढे हिरव्या अक्षरांत 'पोचलो' छापून येतं. हा थांबायचा आकडा ०.०००१. शंभर पावलांतही तळ सापडला नाही, तर ती ओळ लाल होते.

"आणि लाल झाली की?"

एव्हारिस्ट हसला. लाल झाली की मंडळाचा नियम. कार्यालयातल्या माणसानं मोजणारीबरोबर डोंगर चढायचा, बादलीपाशी पाच तास बसायचं आणि जागेवर सही करायची. मार्चमध्ये तो पाच वेळा चढला होता. एप्रिलपासून एकही लाल नाही. हाही पुरावाच नव्हे का, तो म्हणाला. खऱ्या पाण्याचे आकडे उड्या मारतात. बनवलेले आकडे शहाण्यासारखे बसतात.

बाईंना वाटलं, धागा हाती आला. कोणीतरी थांबायचा आकडा वाढवून ठेवला असणार. आकडा मोठा केला, की प्रोग्राम पहिल्याच पायरीवर बसतो आणि 'पोचलो' म्हणतो. त्यांनी तसं तोंडावर विचारलं.

एव्हारिस्टचा मऊपणा तसूभरही हलला नाही. त्यानं पडदा त्यांच्याकडे वळवला. थांबायचा आकडा: ०.०००१. शेजारी कुलपाचं चित्र. त्याची किल्ली, म्हणजे परवलीचा शब्द, फक्त म्बरारा शहरातल्या अभियंत्याकडे. बाईंनी तिथूनच अभियंत्याला फोन लावला. त्यानं नोंदी तपासून सांगितलं, की प्रोग्राम बसवल्या दिवसापासून त्या आकड्याला कोणी हात लावलेला नाही.

"झालं समाधान, टीचर?" एव्हारिस्ट म्हणाला, आणि एप्रिलच्या छापील कागदांचा गठ्ठा त्यांच्या हातात ठेवला. "घेऊन जा. लपवण्यासारखं काही नाही."

कुलूप शाबूत होतं, आणि शुक्रवारची दुपार चोवीस तासांवर आली होती.

५

घरी बाईंनी चूल पेटवली, बटाटे टाकले, आणि ते करपेपर्यंत कागदांकडे बघत बसल्या. राग आला की त्यांना भूक लागे, पण खाल्लेलं पचत नसे.

छापील कागदावर रुतेंग्येचे तेच सहा आकडे होते, स्कोव्हियाच्या वहीतलेच. फक्त त्यांच्यापुढे शून्यं जास्त. वहीत ०.६६, इथे ०.०००६६. रकान्याच्या डोक्यावर बारीक अक्षरांत एकक: ग्रॅम. वहीत होतं मिलिग्रॅम. यात खोटं काही नव्हतं. सहासष्ट शतांश मिलिग्रॅम म्हणा, नाहीतर त्याचेच ग्रॅम करून लिहा. पाण्यात तेवढंच क्लोरीन.

अगदी उजव्या कडेला आणखी एक रकाना: टाकलेली पावलं. रुतेंग्ये, एक. कागोमा, एक. सहाही झऱ्यांपुढे एक, एक, एक. कितोजोपुढे अडतीस.

बाई उठल्या. बाहेर समोरच्या डोंगरावरून सकाळसारखंच धुकं पुन्हा उतरत होतं. शेतांच्या पायऱ्या एकेक करून बुडत होत्या. त्या तशाच उभ्या राहिल्या. मग आत येऊन त्यांनी कितोजोच्या ओळीवरचं एकक वाचलं. मिलिग्रॅम.

त्यांनी एक शिवी दिली. मग म्झे बारियायिजांना फोन करून सांगितलं, की उद्या सकाळी सही मिळेल. पण ती मंडळाच्या व्हरांड्यात, सगळ्यांसमोर, आणि स्कोव्हियाला तिथे आणल्यावर.

६

शुक्रवारी व्हरांडा भरला होता. इन्स्पेक्टर ओजारा, म्झे, बॉस्को, दाराला टेकलेला एव्हारिस्ट, आणि रुतेंग्येहून उतरलेली दहा-बारा माणसं. त्यांच्यात प्रिम्रोजची आई होती. पोर गेली, तरी लोक तिला मामा प्रिम्रोजच म्हणत होते. दुसरं नाव कोणाला आठवतच नव्हतं. स्कोव्हियाच्या हातात बेड्या होत्या.

बाई उभ्या राहिल्या आणि म्झेंना विचारलं, की डोंगरावर धुक्यात सापडलात तर तळ्याकाठी कसे पोचाल.

म्झे चकित झाले. काठी टेकत, उताराच्या बाजूनं, एकेक पाऊल, ते म्हणाले.

"आणि खाली पोचलात हे कसं कळेल? दिसत तर काही नाही."

"उतार संपला की. पाऊल टाकलं आणि फारसं खाली गेलो नाही, म्हणजे आलं."

"बरोबर. म्हणजे एक नियम धरा. एका पावलात एक बोटभरही उतरलो नाही, तर पोचलो, बसायचं. हा एकचा आकडा कोणी बदलू नये म्हणून तो पेटीत घालून कुलूप लावा. किल्ली म्बराराला ठेवा." लोक हसले. बाई हसल्या नाहीत. "आता मी त्या पेटीला हात लावत नाही. फक्त तुमच्या काठीवरच्या खुणा बदलते. बोटांऐवजी मैल. तुम्ही कड्यावर उभे आहात. पाऊल टाकलंत, पुरुषभर खाली घसरलात. काठी बघितलीत. एक मैल उतरलो का? नाही. म्हणजे पोचलो. आणि तुम्ही तिथेच कड्यावर बसलात आणि ओरडलात, की मी तळ्याकाठी आहे."

इन्स्पेक्टर पुढे झुकला.

"मिलिग्रॅमच्या जागी ग्रॅम लिहिले की आकडे हजारपट लहान होतात," बाई म्हणाल्या. "चुकांचे वर्ग करतात, म्हणून चूक दहा लाखपट लहान. थांबायचा आकडा तोच, कुलूप तेच, पण आता पहिल्या पावलाची घट त्याच्यापुढे किडामुंगीएवढीसुद्धा नाही. प्रोग्राम एक पाऊल टाकतो आणि बसतो. आणि दर म्हणून काय सांगतो? जिथून निघाला, जवळपास तेच. आपलाच अंदाज. ०.१०. सहा झऱ्यांचं पाणी सारखं नव्हतं, म्झे. सहा वेळा तो उंबऱ्यातच बसून राहिला होता."

त्यांनी एव्हारिस्टला संगणक बाहेर आणायला लावला आणि रुतेंग्येचे आकडे वहीतल्यासारखे, मिलिग्रॅममध्ये भरायला सांगितले. त्यानं भरले. पावलं एकेचाळीस. दर ०.४१. दिवसाला चार मापटी.

इन्स्पेक्टरनं हळूच विचारलं, की म्हणजे ही चूक झाली का.

एव्हारिस्टनं तो शब्द झेलला. चूकच, सेबो, तो अदबीनं इन्स्पेक्टरला म्हणाला. जिल्ह्याच्या फॉर्मवर ग्रॅमचा पर्याय होता, त्यानं तो निवडला. आत असं काही होईल हे गणिताच्या टीचरनाच कळणार, साध्या माणसाला कसं कळावं.

"असं मलाही वाटलं असतं," बाई म्हणाल्या. "पण मग कितोजो मिलिग्रॅममध्ये का?"

तो म्हणाला, विसरून राहिलं असेल.

"सात ओळी. पहिल्या दोन ग्रॅम, तिसरी मिलिग्रॅम, पुढच्या चार पुन्हा ग्रॅम. माणूस विसरतो तेव्हा जुनंच ठेवतो. मधेच जुन्यावर जाऊन परत नव्यावर येतो, त्याला विसरणं म्हणत नाहीत." बाईंनी गाठ सोडली आणि दोन चिठ्ठ्या म्झेंच्या मांडीवर ठेवल्या. "सात एप्रिल. कितोजोची पहिली चिठ्ठी: एक मापटं. ही काटलेली. दुसरी: चार मापटी. ही द्यायला हा माणूस शेडपर्यंत धावत गेला. बॉस्को, आयुष्यात किती वेळा गेला होता?"

"तेवढाच एकदा," बॉस्को म्हणाला.

"मार्चमध्ये लाल ओळींपायी पाच वेळा डोंगर चढावा लागला. एकदा चुकून ग्रॅम भरले आणि लाल ओळ गेली. मग सगळेच ग्रॅममध्ये भरले. दिवसभर मजेत. पण कितोजोची चिठ्ठी निघून गेल्यावर त्याला दिसलं, की मापटी चाराची एक झाली. आणि त्या नळाचं पाणी कोण पितं, हे त्याला माहीत होतं. बाकीच्या सहा झऱ्यांवरही मापटी घटली होती. तीही त्याला दिसलीच. ते पाणी पिणारे त्याचे कोणी नव्हते."

एव्हारिस्टचा शर्ट पाठीला चिकटला होता. थोडाफार फरक पडेल असं वाटलं, तो म्हणाला. पावसाळा संपला की पुन्हा नीट करणार होतो. आणि मग, कोणी न विचारताच:

"कितोजोला माझी आई आहे."

मामा प्रिम्रोजनं मान वर केली.

म्झे बारियायिजांनी सहीचा कागद फाडला. पण त्यांच्याकडे बघून बाईंचा राग उतरला नाही. या म्हाताऱ्यानं पोरीची वही मागितली नव्हती. बॉस्कोनं एक फोन करून हात झटकले होते. आणि बाईंनी स्वतः पेन मागितलं होतं. एक छापलेला हिरवा शब्द, 'पोचलो', आणि आख्खा डोंगर त्याच्यापुढे माना डोलवत होता.

इन्स्पेक्टरनं स्कोव्हियाच्या बेड्या काढल्या आणि एव्हारिस्टकडे वळला.

"थांबा," स्कोव्हिया म्हणाली. मनगटं चोळत ती उभी राहिली. "सहा झऱ्यांचे दर चुकीचे आहेत. म्हणजे सहा ओळी लाल. लोक अजून तेच पाणी पितायत. मंडळाचा नियम काय आहे, म्झे?"

म्झेंनी नियम सांगितला. आवाज अगदी बारीक.

"मग याला आधी वर घेऊन चला. तुरुंग कुठे पळून जात नाही."

एव्हारिस्ट इन्स्पेक्टरच्या मागे सरकला. रुतेंग्येच्या लोकांपुढे कसा जाऊ, असं काहीतरी तो पुटपुटला.

"मीपण तिथलीच आहे," ती म्हणाली.

७

चढायला तीन तास लागले. बाईंना गुडघ्यामुळे दोनदा बसावं लागलं, पण त्या मागे राहायला तयार नव्हत्या. पुढे स्कोव्हिया, मोजणीची पेटी खांद्याला लावून, मग एव्हारिस्ट, त्याच्यामागे हवालदार. बॉस्को चार मापट्यांच्या हिशोबानं पावडर घेऊन झऱ्याच्या टाकीकडे वळला होता, पण ते औषध शेवटच्या नळापर्यंत यायला दुपार उलटणार होती.

नळाशी गाव जमलं होतं. कोणाच्या हातात दगड नव्हता. त्यामुळे भीती कमी झाली नव्हती. स्कोव्हियानं काचेच्या नळीत पाणी घेतलं, गोळी टाकली, हलवलं. सगळे नळीकडे बघत राहिले. पाणी बिनरंगीच राहिलं. तिनं नळी एव्हारिस्टच्या हातात दिली, आणि त्यानं वहीत शून्य लिहून खाली सही केली.

गर्दीतून मामा प्रिम्रोज पुढे आली. तिनं नळाखालून भरलेला जेरीकॅन ओढून काढला आणि स्कोव्हियाला विचारलं, हे आज प्यावं का.

"मला नको विचारू," स्कोव्हिया म्हणाली. "मी नुसती मोजते. यांना विचार."

मामा प्रिम्रोज त्याच्याकडे वळली. तो तिच्या पायांकडे बघत होता.

"नाही," तो म्हणाला.

तिनं जेरीकॅन त्याच्या बुटांवर उपडा केला. पाणी शेवटच्या थेंबापर्यंत जाऊ दिलं, घाई केली नाही. मग रिकामा जेरीकॅन त्याच्या हातात दिला.

"कितोजोहून भरून आण," ती म्हणाली. "दोन डोंगर पलीकडे. तुझ्या आईला सांग, मी मागितलंय."

हवालदारानं बाईंकडे बघितलं. बाईंनी एक दगड निवडला, पाय लांब करून त्यावर बसल्या, आणि म्हणाल्या की त्याला जाऊ दे आणि तूही जा, बादलीपाशी त्याच्या जागी मी बसते, आम्हाला काही घाई नाही. एव्हारिस्टनं जेरीकॅन खांद्यावर टाकला. स्कोव्हियानं बादली मांडली, घड्याळ काढून शेजारी ठेवलं, आणि पहिल्या तासाची वाट बघायला लागली.